कामठीचा भोंगा

भोंगा माइक पोटाशी धरायची. तीस वर्षं मी नागपुरात साउंड लावतोय. लग्नं, हळदी, गणपती, ऑर्केस्ट्रा, सगळं केलंय आणि माइक गिळायला निघालेले गवय्ये शेकड्यांनी पाहिलेत. ही कामठीची पोरगी स्टेजवर चढली की मी आधी मिक्सरवर तिचा आवाज अर्ध्यावर आणायचो. तरीही मांडवामागचा आचारी झारा हातात घेऊन ऐकायला पुढे यायचा. तिचं खरं नाव पोस्टरवर छापायचे. आम्ही सगळे भोंगा म्हणायचो आणि तीही खुशाल ओ द्यायची.

हा आवाज कुठल्या क्लासात शिकलेला नव्हता. तिचे बाबा पॉवरलूमवर कामाला. घर आणि मागांची शेड यांच्यात एकच भिंत. उभं आयुष्य ती खटखट ऐकून बाबांचे कान गेले. पोरीनं कानाचं मशीन आणून दिलं, तर ते त्यांनी काढून पेटीत ठेवलं. त्यात म्हणे नुसती खरखर ऐकू येते. बायकोचं, शेजाऱ्यांचं, माझं बोलणं कानात ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही, भोंग्याचं मात्र यायचं. "आमच्या घरी हळू बोलनारा उपाशी राहते, भाऊ," ती मला म्हणायची.

कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची लागायचीच. एका लग्नात कोण्या पुढाऱ्यासाठी म्हाताऱ्याला उठवायला गेले. कडवं अर्ध्यावर टाकून ही स्टेजच्या कडेला आली आणि माइकशिवाय म्हणाली, "माह्या बाबाले उठवलं तं मी बी घरी चालली." अख्ख्या लॉनला ऐकू गेलं. पुढारी मुकाट दुसऱ्या रांगेत बसला.

तिचं पहिलं गाणं आम्ही नागपूरला लागूनच्या वाडी गावात, माझ्या मित्राच्या गोडाऊनवरच्या खोलीत रेकॉर्ड केलं. मधेच एका ट्रकनं हॉर्न मारला. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. ती म्हणाली, "राहू द्या न, भाऊ. वाडीत गाऊन राहिली, तं वाडी ऐकू आली पाह्यजे." तो हॉर्न तसाच राहिला आणि गाणं महिनाभरात गावोगावच्या डीजेवर वाजायला लागलं. मग मुंबईची कंपनी आली.

इथून पुढचं लिहिताना माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे शब्द. समोरच्यानं नारळ-सुपारी हातावर ठेवली की तारीख पक्की. त्याच्या देखत कागद काढून वाचणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. कंपनीचा तो गोडबोल्या माणूस माझ्या दुकानात बसला, तर्री पोहे हाणले, "ताई, तुम्ही आमच्या घरच्याच" म्हणाला आणि सोळा पानांचा इंग्रजी कागद पुढे सरकवला. भोंग्यानं सही केली. कागदात काय होतं? सात वर्षं हिचा आवाज कंपनीचा. कुठे वापरायचा, वापरायचा की नाही, ते कंपनी ठरवणार. परवानगीशिवाय बाहेर कुठेही गायचं नाही.

कुठेही म्हणजे कुठेही. चुलतबहिणीच्या हळदीला ती दोन ओळी गायली, कुणीतरी फोनवर टाकलं आणि आठवड्याभरात वकिलाचं पत्र आलं. हळदीच्या गाण्याला वकिलाचं पत्र! मी ते फाडायला निघालो तर तिनं माझ्या हातातून काढून घेतलं. मुंबईला गेल्यापासून ती कागद जपून ठेवायला शिकली होती.

दोन-तीन व्हिडिओ गाजले. चेहरा कॅमेऱ्याला आवडला म्हणून सिनेमात घेतलं, नायिकेची बहीण. अख्खी वस्ती हरखली. बाबा तर दिसेल त्याला सांगत सुटले की आता पोरीचा आवाज थेटरात ऐकणार. भोंगा खास सुट्टी काढून आली आणि आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. म्हाताऱ्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता.

पडद्यावर भोंगा आली. तिनं तोंड उघडलं आणि आतून भलत्याच पोरीचा बारीक, साखर घोळलेला आवाज आला. गाणंही तिसरीच कोणी गायली होती. थेटरचे स्पीकर मोठे, त्यामुळे बाबांनाही तो ऐकू आला आणि ते पुढे वाकून बघत राहिले. मग बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "हे कोन बोलून राहिली वं?" थेटर हसलं. भोंगा खाली बघत बसली. पात्र शहरी आहे, हिच्या बोलण्याला गावाचा वास येतो, असं कंपनीनं तिला सांगितलं होतं म्हणे. ज्या आवाजावर यांनी वर्षभर पोट भरलं, त्याचा यांना वास येतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती अजून खाली उतरलेली नाही.

घरी आलो तर सिनेमातली पोरगी बघायला अंगणात गर्दी. प्रत्येकाच्या हातात फोन. बाबा बाजेवर बसले आणि म्हणाले, "गाय वं एखादं. मोठ्यानं गाय. लय दिवस झाले." भोंग्यानं एकदा सगळ्या फोनांकडे पाहिलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. "काहून गाऊन नाही राहिली? बाप हाये तुहा. साऱ्यायचे फोन बंद करतो मी."

"किती जनायचे बंद करान, भाऊ? हळू गायली तं बाबाले ऐकू येत नाही. मोठ्यानं गायली तं चार गल्ल्या ऐकतेत."

"मंग सही काहून केली? वाचता येत नव्हतं?" मी ओरडलो.

ती गॅसकडेच बघत होती. चढलेल्या आवाजाची पोर ती, पण हे अगदी हळू म्हणाली. "वाचूनच राहिली होती, भाऊ. दुसऱ्या पानावर होती. तुमीच म्हनलं, वाचत काय बसली वं, मानूस काय म्हनंल. अन् पेन देल्ला."

दिला होता मी. माझ्याच दुकानात, माझ्याच खिशातला.

तिनं बाबांचा कप माझ्या हातात दिला. मी बाहेर आलो. म्हातारा दाराकडेच डोळे लावून बसला होता. "गाते का?" त्यानं विचारलं. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं की तिचा घसा बसलाय.