अंतराची ओळ

पल्लवी काळू गावित हिला पेठकडच्या तिच्या पाड्यावर अजून ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात, आणि म्हणावंच! आश्रमशाळेतली पोर संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात बीएस्सी झाली, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली होती. पुढं नाशकात एका आरोग्यसंस्थेत ती आकडेमोडीच्या कामाला लागली.

गोष्ट दोन हजार तीन सालची. अडलेल्या बायांना दवाखान्यात आणायला संस्थेची एक जीप लांबच्या पाड्यांकडं मुक्कामी असायची. ती ठेवायची की काढायची, हे ठरवायला पाहणी झाली. दोनशे बायांना विचारलं, पहिलं बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात? सोबत वय, शिक्षण, घरापासून दवाखाना किती लांब, हेही लिहून घेतलं. निम्मे फॉर्म तर पल्लवीनंच भरले. मग तिनं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं. म्हणजे ‘घरी की दवाखान्यात’ या दोनच उत्तरांच्या प्रश्नावर कशाचा किती जोर पडतो, ते तपासलं.

शिक्षणाचा जोर स्पष्ट दिसला. अंतराची पी व्हॅल्यू मात्र आली ०.३५. ती ०.०५ च्या खाली असली तरच पुरावा भक्कम मानायचा, असा रिवाज. संस्थेच्या प्रमुख डॉक्टर प्रतिभा मॅडम यांनी अहवालात लिहून टाकलं, ‘अंतराचा काहीही परिणाम होत नाही.’ झालं! आता जीप बंद.

पल्लवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला झोळीतून दवाखान्याकडं नेतानाच तिचा धाकटा भाऊ पोटातच दगावला होता. पण रागानं आकडे हलत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. ती कागद घेऊन मॅडमकडं गेली.

“मॅडम, ही ओळ खोटी आहे.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “आकडा तूच काढलास ना?”

“काढला. दवाखाना लांब असला तर बाळंतपण घरी होण्याचा संभव, अंदाजानं, जवळपास दुप्पट. पण खरा आकडा अर्ध्या पटीपासून सात पटींपर्यंत कुठंही असू शकतो. सात पट असेल तर? आपल्याला दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं कसं लिहायचं?”

“मग दिसलं का नाही?”

पल्लवी कागद घेऊन जागेवर परतली. दोन दिवस ती फॉर्म चाळत बसली. एका फॉर्मवर घर दवाखान्यापासून दोनच किलोमीटर, तरी बाळंतपण घरी, आणि समोर तिच्याच अक्षरात शेरा: ‘आईकडं असताना अचानक कळा सुरू.’ तिनं कपाळावर हात मारला आणि तडक मॅडमची खोली गाठली.

“मॅडम, तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?”

“सिन्नरला, आईकडं. का गं?” म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थबकल्या. “अगं बाई! आपण अंतर मोजलं सासरचं!”

“आणि पहिलटकरीण होती माहेरी. मीही मुकाट्यानं सासरच लिहीत गेले, मॅडम. चूक माझीही आहे.”

मग ती एकेका बाईला पुन्हा भेटली, माहेरचं गाव विचारलं आणि अंतर नव्यानं घातलं. आता अंदाज आला सव्वादोन पटींच्या पुढं, पण पी व्हॅल्यू ०.०८. अजूनही ०.०५ च्या रेषेच्या वरच!

“थोडक्यात हुकलं,” मॅडम हळहळल्या. “हिशेबातून वय वगळून बघतेस का? कदाचित बसेल.”

मोह तिलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण ती म्हणाली, “नको. नाही बसत तर नाही बसत. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहू.”

विश्वस्तांच्या बैठकीत मॅडमनी अहवाल स्वतः न वाचता तिच्या हातात दिला. पल्लवीनं खणखणीत आवाजात वाचलं: ‘अंतराचा परिणाम होतो की नाही, हे या पाहणीतून ठरत नाही. तो मोठाही असू शकेल.’ विश्वस्तांनी बराच वेळ खल केला आणि मोठी पाहणी होईपर्यंत जीप ठेवायचं ठरवलं.

महिन्याभरानं ती पाड्यावर गेली. तिची आई अक्काबाई तांदूळ निवडत होती.

“काय केलंस गं एवढं? जीपवाला लय नाव घेतोय तुझं.”

“काही नाही आई. एक ओळ बदलली.”

अक्काबाईनं सूप बाजूला ठेवलं. शेजारच्या भागीबाईची सून आदल्याच आठवड्यात जीपनं गेली होती, नि बाळ घेऊन परतली होती. अक्काबाईनं ते बाळ मागवलं, पल्लवीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “एक ओळ नाय म्हणायची, पोरी. हे बघ, तुझी ओळ केवढी हाय.”