बिअरहाऊसवाल्या बाईची फुली आणि सिंगापुरातले बारा दिवस

पाय धुवायच्या आधी कागद पुढे करायचा, ही कुठली रीत? साडेपाच तास विमानात अंग आखडून माणूस येतं, आणि पोटचा पोरगा म्हणतो, "आई, इथं सही कर." असो. वाचणाऱ्या सगळ्यांना राम राम.

मी मिरजेची. स्टेशनजवळ माझी खानावळ आहे. जागा माझी, आणि नवरा गेल्यापासून परवानाही माझ्या नावावर. प्रकाशने, म्हणजे माझ्या मुलाने, तिकीट पाठवलं तेव्हा वाटलं हवापालटाला बोलावतोय. त्याचा बेत वेगळाच. खानावळ बंद करायची आणि जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायची.

"आणि शेवंता? बावीस वर्षं शेगडीपुढे उभी आहे ती."

"मिळेल की तिला दुसरीकडे काम."

मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोक्यावर होता. त्यालाही दिसत होता; कागद त्याने घडी करून ठेवला.

त्याचा फ्लॅट बुओना व्हिस्टाला, अकराव्या मजल्यावर. जाणार असाल तर सुती कपडे न्या; घामाने पदर पिळून निघतो, आणि पाऊस विचारून येत नाही. MRTचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. आम्ही सेरंगूनला प्रकाशच्या मित्राकडे जेवायला गेलो, त्या गाडीला चालकच नव्हता! मी पुढच्या काचेपर्यंत जाऊन बघितलं. समोर नुसता बोगदा, आणि गाडी आपली शहाण्यासारखी चाललेली. मी हात जोडले. नात रेवा बारा वर्षांची, ती लाजून दुसऱ्या डब्यात गेली.

हॉकर सेंटरला मात्र जाच. एका छपराखाली चाळीस-पन्नास गाळे. सव्वा डॉलरला चहा. दुधाचा डबा ओतून इतका गोड करतात की चमचा उभा राहील. मला खाण्यापेक्षा गाळे बघायचे होते. पुसायचं फडकं कुठे, उष्टं कुठे, हात कोण धुतं. एका म्हाताऱ्या चिनी बाईच्या गाळ्यावर परवाना लावला होता, त्यावर तिचाच फोटो.

"आजी, ज्याचं लायसन्स त्यानेच उभं राहायचं. रूल आहे, लाह," रेवा तिथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली.

असा नियम मिरजेत आला तर अर्धा बाजार बंद पडेल.

पाचव्या दिवशी खाली पोहायच्या तलावाशी डोरोथीबाई भेटल्या. ऐंशीच्या घरातली इंग्रज बाई, लेकीकडे राहायला आलेली, मांडीवर ही जाडजूड फाइल. रेवाला मध्ये बसवून आमचं बोलणं सुरू झालं.

त्यांच्या खापरपणजीचं बिअरहाऊस होतं. दीडशे वर्षांपूर्वी, उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीच्या गावात. आधी मी नाक मुरडलं. पण बिअरहाऊस म्हणजे मोठा गुत्ता नव्हे. राहत्या घराची पुढची खोली. परवाना काढायचा, दारावर नावाची पाटी लावायची, मागच्या धुण्याच्या खोलीत तांब्याच्या हंड्यात बिअर करायची. नवरा कोपऱ्यात बूट शिवायचा, बायको पिंपाशी. बिअर फसफसून वर फेस येई, तो शेजारणी पाव फुगवायला वाडग्यातून न्यायच्या. म्हणजे विरजणच की! हे ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

मग त्यांनी फाइलीतून एक जुना फोटो काढला. दारात दोन बाया. एक खुर्चीवर, एक मागे उभी. "उभी आहे ती माझी खापरपणजी," डोरोथीबाई म्हणाल्या.

"छट्! ती मोलकरीण. बाह्या वर आहेत बघा, अर्ध्या कामातून उठून आलीय. मालकीण बसलेली. किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत?"

बाईंनी भिंग लावलं. आधी किल्ल्या बघितल्या, मग वर केलेल्या बाह्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही हॅना. आमच्या घरात हिचं नाव घेत नसत."

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगायचे, की या मोलकरणीने बिअरहाऊस गिळलं, दोन्ही मुलगे उघड्यावर पडले. त्यातल्याच एका मुलाचा वंश म्हणजे डोरोथीबाई. हॅनाविरुद्धची फिर्याद शोधायला त्या जुन्या दप्तरांच्या कचेरीत गेल्या आणि वेगळाच कागद हाती लागला; त्याची नक्कल फाइलीत होती. विधवा झालेली ती म्हातारी खापरपणजी स्वतः न्यायाधीशापुढे उभी राहिली होती. परवाना हॅनाच्या नावावर करा, ती चांगल्या चालीची आहे, एवढंच तिचं म्हणणं. मुलांनी हरकत घेतली, तीही त्यातच लिहिलेली. खाली म्हातारीची सही.

सही कसली, नुसती फुली. एक रेघ लांब, एक आखूड, मध्ये शाईचा डाग.

मी त्या फुलीवर बोट ठेवलं. खरं सांगते, विमान बघितलं, आभाळाला टेकलेल्या इमारती बघितल्या, बिनचालकाची गाडी बघितली, पण असं काही झालं नाही. अंगावर काटा आला. अक्षर येत नव्हतं त्या बाईला. पोटच्या पोरांसमोर उभं राहून तिने ती फुली मारली, आणि दीडशे वर्षांनी ती माझ्यासारख्या मिरजेच्या बाईला वाचता येतेय! मी तर चौथीपर्यंत शिकलेय.

"पुढे हॅनाने किती वर्षं चालवलं?" मी विचारलं.

"मरेपर्यंत," डोरोथीबाई म्हणाल्या. "आणि आम्ही तिला चोर म्हणत राहिलो."

रात्री जेवताना प्रकाशने पुन्हा कागद काढला. मी चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि घडी घालून परत दिला.

"परवाना शेवंताच्या नावावर करणार आहे मी."

"आई, लोक काय म्हणतील? मुलगा जिवंत असताना?"

"म्हणू देत. तुला आमटीत मीठ किती घालतात ते तरी ठाऊक आहे का?"

सून हसली. प्रकाश दोन दिवस फुरंगटून होता. विमानतळावर मात्र ट्रॉली त्यानेच ढकलली आणि वाकून नमस्कार केला. रागावलेला आहे, पण माझाच आहे.

मिरजेला येऊन आठवडा झाला. तिकडचं मनात काय राहिलं म्हणाल, तर स्वच्छता राहिली, आणि ती फुली. जिभेवरचा गोड चहा दुसऱ्याच दिवशी उतरला. शेवंताला विचारलं तर ती पदराआड तोंड घालून बसली. तिचा नवरा उत्तर घेऊन आला, "आम्हाला झेपायचं नाही, बाई." प्रकाशने फोनवर आणखी एक उत्तर दिलं, तिला हिशेब जमायचा नाही म्हणून. दोघांनाही मी विचारलं नव्हतं.

हे लिहिलेलं शेवंताला तिची लेक वाचून दाखवणार आहे. तर ऐक गं. जागा मी असेपर्यंत माझी, पुढचं लिहून ठेवते. परवाना तुझ्या नावावर, पाटीही तुझ्या नावाची. हो की नाही, ते तू सांगायचं. नवऱ्याने नाही, प्रकाशने नाही, लेकीनेही नाही. उद्या सकाळी, शेगडी पेटवायच्या आधी, तुझ्या तोंडाने.