न वळलेली मूठ

आमच्या मजल्यावरच्या इशारेबुवांना देवाने तोंड दिलं ते जेवायला. बोलायचं काम हाताकडे. धंदाच तसा. बांधकामाच्या साईटवर क्रेनखाली उभं राहायचं आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हातानं सांगायचं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा जमिनीकडे करून दाबत राहिलं की हळूहळू खाली सोड, मूठ आवळली की थांब. एवढ्या उंचीवरून ऑपरेटरला खालची माणसं मुंग्यांएवढी. त्यानं फक्त इशारेवाल्याचा हात बघायचा, आणि इशारेवाल्यानं फक्त वजन. इकडेतिकडे मान वळवायची नाही, शेजारी स्वतःच्या बापाचं लग्न लागत असलं तरी.

घरीही तेच. लेकीनं अभ्यासाच्या नावाखाली मोबाईल काढला की मूठ. चहा हवा असला की बोट गोल. समोरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा विचारलंच, "अहो, लग्नाला होकार तरी तोंडानं दिलात, की तिथेही बोट फिरवलंत?"

उत्तर बुवांच्या बायकोनं दिलं. ती घरी शिवणकाम करते आणि तिची जीभ कात्रीच्या वर चालते. "बोट फिरवलं असतं तर कळलं तरी असतं. नुसती मान हलवली. मला वाटलं नाकावर माशी बसली."

बुवा हसले, पण आवाज न करता.

क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा तो तिचाच धाकटा भाऊ. वर मेहुणा, खाली दाजी. मेहुण्यानंच शब्द टाकून दाजींना या साईटवर चिकटवलं होतं. क्रेन भाड्याची, त्यामुळे मेहुणा क्रेनमालकाचा माणूस. दाजी मात्र ठेकेदाराचा. हा फरक तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. पगार वेगवेगळ्या खिशातून यायचा, एवढंच.

त्या दिवशी बुवा डबा चपलांच्या मांडणीवर विसरून गेले. बायको मशीन बंद करून डबा घेऊन निघाली. साईटच्या फाटकावर रखवालदारानं तिला अडवलं. हेल्मेट नाही तर आत नाही. तिकडे सळयांचा लांबलचक गठ्ठा क्रेनला लटकून हळूहळू खाली येत होता. बुवांचा तळवा हवेत दाबत होता, खाली, खाली, अजून खाली. गठ्ठा टेकायच्या जागी लाकडी ओंडके ठेवलेले होते.

बायकोनं रखवालदाराच्या खांद्यावरून डबा उंच धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून गोल गोल फिरवलं. उचल!

इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचा इशारा नवऱ्यावरच उलटवला नव्हता. बुवांना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आणि त्यांनी मान वळवली. हसले. बस, तेवढंच. तळवा तसाच हवेत राहिला, जमिनीकडे बघत. वरचा मेहुणा आज्ञाधारक. तळवा खाली म्हणतोय तोवर वजन खाली. त्याच वेळी सळया बांधणारा कारागीर वाकडा झालेला ओंडका सरळ करायला गठ्ठ्याखाली शिरला. त्याला थांबवायला एक मूठ पुरली असती.

किंकाळी ऐकून बुवांनी मान फिरवली तेव्हा गठ्ठा टेकला होता. कारागिराच्या पायावर.

माणूस वाचला. पायाबद्दल डॉक्टर काही बोलेनात. बुवा दोनदा दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले आणि पहिल्या पायरीवरून परत आले.

साईटला दोरी बांधून काम बंद झालं आणि आमच्या मजल्यावर भीतीनं बिऱ्हाड केलं. बेल वाजली की बुवा न्हाणीघरात. खाली गाडी थांबली की पडद्याआड. एकदा गॅसवाल्याच्या गाडीला पोलिसांची समजून इतका वेळ पलंगामागे बसले, की लेक म्हणाली, "बाबा, सिलिंडर देऊन ते गेले. तुम्हाला नाही नेलं." इतर वेळी बायको यावर दिवसभर हसली असती. तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालू ठेवला. दोरा काही ओवला जाईना.

आणि बुवांचे हात गप्प झाले. चहासाठी बोट नाही, मोबाईलसाठी मूठ नाही. दोन्ही हात खिशात. जेवतानाच काय ते बाहेर येत, तेही चोरासारखे.

मग ठेकेदाराच्या वकिलांनी बोलावलं. थंडगार खोली, गुबगुबीत खुर्ची. अशा खुर्चीत माणूस बसत नाही, रुततो.

"घाबरू नका," वकील म्हणाले, आणि बुवा तिथेच घाबरले. "अशा केसमध्ये एक माणूस लागतो. एक तर तुम्ही, नाहीतर ऑपरेटर. तुम्ही चुकलात तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर, आणि भरपाई आमच्या ठेकेदारांवर. ऑपरेटर चुकला तर तो आणि क्रेनमालक बघून घेतील. तुम्ही मूठ दाखवली होतीत ना?"

बुवांनी हात खिशात आणखी खोल खुपसले.

"दाखवली असणारच. तुमच्यासारखा जुना माणूस! त्याचं लक्ष नव्हतं, एवढंच सांगायचं. बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची." वकील स्वतःच्याच विनोदावर हसले. बुवांच्या खिशातल्या हातांना घाम फुटला.

"तो माझा मेहुणा आहे, साहेब."

"मग तर तुम्ही मुद्दाम खोटं बोलाल असं कुणालाच वाटणार नाही."

घरी येईपर्यंत बुवांना रस्त्यातली प्रत्येक खाकी पँट पोलिसाची वाटली. एक पोस्टमन होता, एक शाळेतला शिपाई.

संध्याकाळी मेहुणा आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. चहाचा कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

"दाजी, एक विचारू? खरं सांगा. तुम्ही मूठ दाखवली होती का? मला दिसलीच नाही. सगळे म्हणतात, दाखवली असणार, दाजी कधी चुकत नाहीत. मग मला वाटतं, माझ्याच डोळ्यांवर ऊन आलं असेल. डुलकी लागली असेल. काल स्वप्नात तर मला मूठ दिसली, आणि मी तरी सोडतच होतो."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

बुवा म्हणाले, "बघू. चौकशीत काय ते होईल."

"माझं लायसन गेलं तर मला दुसरं काहीच येत नाही हो, दाजी. मला जमिनीवरचं कामच येत नाही." तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही.

तो गेल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली. "धाकटा म्हणतोय, मूठ दिसली नाही. मी फाटकावर—"

बुवांचा हात कितीतरी दिवसांनी खिशातून बाहेर आला. मूठ. थांब.

"अरे वा," ती म्हणाली. "ही मूठ आत्ता बरी वळली."

आणि आत निघून गेली. त्यानंतर त्या घरात शिवणयंत्राचा आवाजसुद्धा दबकत येऊ लागला.

चौकशी भर सकाळी साईटवरच ठेवली होती. अधिकारी बुटके, शांत. आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा असला माणूस जास्त धडकी भरवतो. त्यांनी सगळ्यांना जिथल्या तिथे उभं केलं. मेहुणा वर केबिनमध्ये. रखवालदार फाटकावर, साईटकडे पाठ करून. बुवा आपल्या जागी. लाकडी ओंडके तसेच ठेवलेले, आतली जागा दोरीनं मोकळी ठेवलेली. वकील सावलीत.

"मला सांगू नका," अधिकारी म्हणाले. "करून दाखवा. हूक रिकामाच आहे."

बुवांनी हात वर केला. तळवा जमिनीकडे. वर यंत्र घरघरलं आणि हूक खाली येऊ लागला.

"मग?"

तळवा दाबतच होता. हूक अर्ध्यावर आला.

"मग मूठ कुठे दाखवलीत?"

बोटं वळवली की सुटका. लेकीच्या शाळेत कुणी कुजबुजणार नाही, बेल वाजली तर बेलच असेल. फक्त पाच बोटं. एरवी दिवसातून शंभरदा वळतात ती. आणि वर, काचेमागे, एक मुंगीएवढा माणूस त्यांच्या हातावर नजर रोखून बसला होता. आजही. सगळं झाल्यावरही.

"मूठ दाखवा हो!" वकील सावलीतून ओरडले.

फाटकावर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बुवांनी मान वळवली. बायको होती. हातात डबा. आज बोट फिरवत नव्हती; डबा छातीशी धरून नुसती बघत होती.

हूक ओंडक्यांवर टेकला. लाकूड कच्चकन वाजलं. वरून तार सैल होऊन वेटोळी घालू लागली, तरी यंत्र थांबेना, कारण तळवा अजून खालीच सांगत होता. लोक मागे सरकले. कुणीतरी वर बघून "थांब, थांब" म्हणून हात हलवले. मेहुण्यानं ते बघितलंच नाही. तो एकच हात बघत होता.

"असं झालं होतं, साहेब," बुवा फाटकाकडे बघतच म्हणाले. आवाज फाटका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी तिकडे बघत होतो. मूठ दाखवलीच नाही."

मग त्यांनी मान सरळ केली आणि मूठ आवळली.

त्याच क्षणी यंत्र थांबलं. तारेचं शेवटचं वेटोळं हवेतच राहिलं.

अधिकाऱ्यांनी वर केबिनकडे पाहिलं, बुवांच्या मुठीकडे पाहिलं, परत वर पाहिलं. ऊन बरोबर काचेवर होतं. "दिसते की वरून," ते इतकंच म्हणाले. सावलीत वकील फोन लावू लागले.

मेहुणा शिडीवरून घाईघाईनं उतरत होता. बायको रखवालदाराला न जुमानता, हेल्मेटशिवाय, आत आली. बुवांची मूठ अजून हवेतच होती. उघडेना. तिनं ती खाली ओढली आणि एकेक बोट सोडवलं, गाठ पडलेला दोरा सोडवावा तसं.

"चला," अधिकारी म्हणाले. "जबाब द्यायला चौकीवर यावं लागेल."

"किती वेळ लागेल?" बुवांनी विचारलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सांगता येत नाही."

बायकोनं डबा त्यांच्या मोकळ्या हातात ठेवला आणि बोटं त्याच्यावर दाबून धरली. "न्या," ती म्हणाली. "आणि यावेळी विसरू नका."