रविवारच्या जेवणातला खून

ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, आणि आठवली की मला आधी हसूच येतं. नोकरीत खुनाचे बरेच गुन्हे तपासले. पण मयतानेच उठून बसून तपासाला मदत केली, असं प्रकरण माझ्या वाट्याला एकच आलं. ते कुटुंब आजही तिथेच राहतं, म्हणून कोणाचं नाव लिहीत नाही.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. चऱ्होलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. रविवारी दुपारी ठाणं जरा सैलावतं. शनिवारचे दारूवाले घरी गेलेले असतात आणि सोसायट्यांमधली पार्किंगची भांडणं संध्याकाळशिवाय सुरू होत नाहीत. मी डबा उघडला आणि ठाणे अंमलदार आत आला. निघोज्याहून एका माणसाचा फोन होता. त्याच्या धाकट्या भावाला चऱ्होलीत त्याच्याच घरी जेवणातून विष घातलं, असं तो सांगत होता. मयताचा फोटो त्याच्या मोबाइलवर आला होता. घरात सून आणि तिची माणसं आहेत, तिला जागची हलू देऊ नका, मी निघालोच आहे, असं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

स्वतःचं नाव-गाव सांगून खबर देणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही. चुकत मात्र असतो. तरी खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली, दोन पंच तयार ठेवायला सांगितले, अन्नाचे नमुने घ्यायला बाटल्या घेतल्या आणि एक हवालदार व एक महिला शिपाई घेऊन निघालो. डबा तसाच राहिला.

घर नवं, दुमजली, समोर तुळशीवृंदावन. फाटकात आठ-दहा दुचाक्या होत्या. मी दारात थांबलो. आत रडण्याचा आवाज नव्हता, फोडणीचा वास येत होता. दार ढकललं तर दिवाणखान्यात मधोमध सतरंजीवर एक म्हातारा पांढरी चादर ओढून पडलेला, आणि भोवती आठ-नऊ तरुण मुलं-मुली. एकाच्या गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप, एकाने धोतर नेसलेलं, तेही उलटं. मला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धोतरवाला पुढे येऊन म्हणाला, "एंट्री एक नंबर, राव. पोटसुद्धा अगदी खरं वाटतंय."

हवालदाराने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताना मला दिसले. मी चादरीजवळ बसलो. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. मयताला घाम येत नाही. उजव्या पायाचा अंगठा डाव्या पोटरीवर हळूच खाजवत होता, तेही मयत सहसा करत नाही.

मी ओळखपत्र दाखवलं तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. स्वयंपाकघरातून सून हातात झारा घेऊन आली. ती मूळची लातूरकडची, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा त्या दिवशी ओव्हरटाइमला गेलेला. तिने धीर धरून सगळं सांगितलं. जमलेले सगळे तिच्या कंपनीतले होते. जेवायला बोलवायचं आणि जेवता जेवता खुनाचा खेळ खेळायचा, असा बेत होता. गोष्ट तिनेच लिहिली होती. एका सरपंचाला जेवणातून विष दिलं जातं आणि पाहुण्यांपैकी खुनी कोण ते चिठ्ठ्यांवरून ओळखायचं. निम्म्यांना रात्रपाळी होती, म्हणून रात्रीचा बेत दुपारवर आणलेला. सरपंच व्हायला सासरे स्वतःहून तयार झाले होते. "बाबांनी हौसेनं घेतलं, साहेब. काल रंगीत तालीम पण केली," ती म्हणाली.

मी तिला फोनची हकिगत सांगितली, तशी तिच्या हातातला झारा खाली गेला. सासरी नव्या आलेल्या मुलीवर, खेळात का होईना, सासऱ्याला विष घातल्याचा आळ येणं म्हणजे काय, ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खरं निघो की खोटं, गावात ते वर्षानुवर्षं चघळलं जातं. मला त्या पोरीची दया आली आणि फोटो पाठवणाऱ्याचा राग.

मग रीतसर विचारपूस सुरू केली. निघोज्याच्या भावाकडून फोटो माझ्या मोबाइलवर मागवला. तो तालमीतलाच होता. सासऱ्यांच्या छातीवर चिठ्ठी ठेवलेली, त्यावर मोठ्या अक्षरात 'जेवणातून विष'. पाठवला कोणी? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. सून म्हणाली की खेळ सुरू होण्याआधी साडेबारालाच सगळ्यांचे मोबाइल टोपलीत ठेवले होते, तसा नियमच होता. टोपली कपाटावर होती. महिला शिपायाने एकेक मोबाइल तपासला. कशातूनच फोटो गेला नव्हता. निघोज्याच्या भावाला फोटो मिळाला होता पाऊणच्या सुमारास.

मला आणखी एक गोष्ट खटकत होती. आपल्या भागात मयताची बातमी फुटली की अर्ध्या तासात पन्नास माणसं दारात उभी राहतात. लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला लागत नाही. भावकी, शेजार, सोयरे, सगळे हातातलं काम टाकून येतात. इथे मात्र कुत्रंही फिरकलं नव्हतं. म्हणजे फोटो एकाच माणसाला गेला होता, आणि पाठवणाऱ्याला तेवढा एकच माणूस यायला हवा होता.

सून विषाचा संशय फिटावा म्हणून स्वयंपाक दाखवत होती. बोलता बोलता म्हणाली की तिने पुलाव ठरवला होता, पण बाबा चार दिवस मासवडीच कर म्हणून मागे लागले होते. आणि स्वतः तर खात नाहीत, त्यांना पित्त होतं.

मी दिवाणखान्यात परत आलो. सगळ्यांचे मोबाइल गोळा केले होते, पण मयताचा मोबाइल मागायचं कोणाच्या डोक्यात येणार? मी चादर बाजूला केली आणि म्हटलं, "बाबा, बंडीच्या खिशातला फोन द्या आता."

म्हातारा उठून बसला. आधी पाणी मागितलं. मग सुनेकडे न बघता म्हणाला, "मीच धाडला, साहेब. चिठ्ठीचं ध्यानात आलं न्हाई. पोरीच्या अंगावर येईल असं वाटलं आसतं तर हात तोडून घेतला आसता."

थोरल्याला धाडला, असं त्याने सांगितलं. नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. आईच्या दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. तासभर सगळे ताटकळले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा थोरला चारचौघांत म्हणाला की आईचा जीव धाकट्यापायी अडकला, तो गाव सोडून चऱ्होलीला राहायला गेला म्हणून. त्या दिवसापासून जाणं-येणं बंद. धाकट्याच्या मुलाचं लग्न झालं, पण थोरला आला नाही. "म्हणलं, मयताला तरी येतोय का बघावं. त्याला मासवडी लई आवडती."

उलट्या धोतरवाल्याने खाली मान घातली. पोलिसांना खोटी खबर म्हणजे काय होतं ते मी म्हाताऱ्याला ऐकवलं, चांगलं खरमरीत ऐकवलं. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. म्हातारा लगबगीने परत चादर ओढू लागला. त्याला भीती एकच होती. आपण जिवंत दिसलो तर थोरला उंबऱ्यावरूनच माघारी फिरेल. मी चादर काढून घेतली आणि हवालदाराच्या हातात दिली. मेलेल्याचं सोंग जिवंत भावापुढे चालू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

थोरला आत आला. डोक्यावर टोपी नाही, पायात चपला दोन वेगवेगळ्या. त्याने भावाला जिवंत बघितलं. पुढे होऊन त्याच्या कानाखाली एक वाजवली आणि त्याच हाताने त्याचा खांदा धरून रडायला लागला. धाकटाही रडला. दोन मिनिटांनी मात्र थोरल्याने डोळे पुसले, चेहरा पुन्हा आवळला आणि दाराकडे वळला.

मी आडवा झालो. "तक्रार तुम्ही दिलीय. जबाब दिल्याशिवाय जाता येणार नाही."

कायद्याने मला ते करायची तशी गरज नव्हती, हे आज कबूल करतो. पण पोलिसाच्या हातात कागद आणि पेन असलं की माणूस बसतो. मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि छापील पठडीतला प्रश्न विचारला. मयताशी तुमचे संबंध कसे होते?

थोरला बोलला तो माझ्याशी, भावाशी नाही.

"लिवा, साहेब. कावळा त्याच्यामुळं आडला न्हाई. घाटावर सगळी मला म्हणत हुती, थोरल्या, शबूद दे, धाकल्याला अंतर देणार न्हाई म्हण, मंग शिवंल. मला राग हुता. मी शबूद दिला न्हाई. आन् बोल त्याला लावला."

मी लिहीत होतो. पुढे काही लिहायचंय का, असं विचारलं. तो म्हणाला, "व्हय. आता लिवा. धाकल्याला अंतर देणार न्हाई." आणि खाली सही केली. धाकट्याने पंच म्हणून अंगठा उठवायला हात पुढे केला. मी म्हटलं, मयताला पंच होता येत नाही. त्यावर पहिल्यांदा थोरला हसला.

मग सुनेने ताटं वाढली. थोरल्याने तिला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि पोलिसांपुढे तोंडातून जे निघालं त्याबद्दल माफी मागितली. आम्हालाही उठू देईनात. मासवडी फक्कड झाली होती. धाकट्याने पित्ताची पर्वा न करता दोन खाल्ल्या. जेवता जेवता पोरांनी खेळ पुरा केला आणि सरपंचाचा खुनी ओळखायचा मान मला दिला. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचून, पूर्ण अनुभवानिशी, डॉक्टरवर बोट ठेवलं. खुनी धोतरवाला ग्रामसेवक निघाला. हवालदार ते पुढे वर्षभर ठाण्यात सांगत होता.

ठाण्यात येऊन डायरीला नोंद केली. खबर गैरसमजातून, जागेवर सर्व सुखरूप. म्हाताऱ्याला समज देऊन सोडलं. तो कागद रीतसर जबाब नव्हताच, तो मी थोरल्याकडे दिला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी नोकरीत शेकडो जबाब लिहिले. प्रत्येक मयताच्या घरी कोणीतरी मला सांगितलं आहे की साहेब, माणूस लाखाचा होता, आमचंच चुकलं. मी ते लिहून घ्यायचो आणि पान उलटायचो. कारण ज्याने ते ऐकायला हवं होतं, तो शेजारी झाकलेला असायचा. त्या रविवारी मात्र मी जबाब वाचून दाखवला, तेव्हा मयत समोर मांडी घालून बसला होता आणि म्हणाला, "साहेब, शेवटचं वाक्य परत एकदा वाचा."