पेटीवर टाकलेलं ओलं पोतं

धनज गावचे गफूरचाचा स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करत. माझी नोकरी त्यांच्यामुळे राहिली, हे आधी सांगतो. आज इथे जबलपुरात शेजारणीनं माठाला ओलं पोतं गुंडाळलं, आणि त्या वासानं मी धनजच्या लग्नमांडवात जाऊन उभा राहिलो.

चौथीत शाळा सोडलेला मी तेव्हा विशीतला होतो. मालकाचा बॅटरीवरचा लाऊडस्पीकर घेऊन लग्नात गेलो होतो. "मशीन बिघडली तं परत येऊ नको," असं मालकानं बजावलं होतं. वैशाखाच्या उन्हात मशीनची पेटी तापली. माठ निवतो तशी तीही निवेल म्हणून मी तिच्यावर ओलं पोतं टाकलं. पाणी आत झिरपलं आणि ऐन मंगलाष्टकांआधी आवाज बंद पडला. मला भीतीही वाटेना. हात मात्र दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे लोंबत होते.

पाहुणे म्हणून आलेल्या चाचांनी पेटी उघडली. आवाजातली घरघर गाळणारी, सुपारीएवढी तारेची कॉईल आत जळली होती.

"पेटीले आंघोळ कायले घातली बे?"

त्यांनी कॉईल काढून टाकली आणि तिला जोडलेल्या दोन्ही तारा एकमेकींना थेट जोडल्या. आवाज आला, पण मागे भुंगा गुणगुणावा तशी घरघर होती. मी शरमलो.

"राहू दे. लगन तं लागून राह्यलं ना?"

"चाचा, तुमाले काय देऊ?"

"माह्या पोरीच्या लग्नात वाजवजो."

तिचं लग्न झालं तेव्हा मी इकडे जबलपुरात कामाला आलो होतो. चाचांचं बोलावण्याचं पत्र आलं, ते वाचून घडी घातली, इतकंच. चाचा आता थकलेत. त्यांच्या नातीच्या लग्नात मात्र लाऊडस्पीकर मीच लावणार.