इथं की पुण्याला?

जून उजाडला की आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटात मुलांपेक्षा पालक जास्त येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "पोराला इथं घालू का पुण्याला, विद्यापीठात?" शिरूरच्या या लहानशा कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवतेय. त्या एका प्रश्नापायी इतके किस्से साठलेत, की स्टाफरूममध्ये चहा थंड होतो पण किस्से संपत नाहीत.

*

आमचे हेड भालेराव सर. तळेगाव ढमढेऱ्याचे एक गृहस्थ त्यांच्यासमोर बसले होते. सरांनी लहान कॉलेजचे फायदे तासभर सांगितले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमची पोरगी कुठं शिकली?"

"पुण्याला."

"आन् मग?"

"मग काय! तिनं कॉमर्स केलं!"

*

आमच्याकडं दांडी मारायची सोय नाही. थर्ड इयरच्या वर्गात मुलं मोजकीच, एक नसलं तरी बाक उघडा पडतो. वरवंडचा संतोष एकदा आला नाही, तर सरांनी वर्गातूनच घरी फोन लावला. फोन त्याच्या आबांनी उचलला.

"पोरगं उसाला पाणी देतंय, सर."

"त्याला बोलवा आणि फोन स्पीकरवर ठेवा. तास सुरू करतो."

संतोष बांधावर बसला आणि सर इकडून लहरी शिकवायला लागले. थोड्या वेळानं मधेच आबांचा आवाज आला, "सर, जरा दम धरा. मोटर बंद करून येतो. ह्या आवाजात तुमची लाट ऐकू येईना!"

*

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पुण्याहून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले होते. निमोण्याची शीतल स्पेक्ट्रोमीटरवर काम करत होती. त्याचा एक स्क्रू ढिला, म्हणून तिनं तिथं रबर बँड गुंडाळला होता.

एक्स्टर्नल म्हणाले, "हे काय? आमच्याकडं असलं चालत नाही."

भालेराव सर म्हणाले, "आमच्याकडंही चालत नव्हतं, म्हणून तर रबर लावलं!"

शीतलचं रीडिंग मात्र बरोबर आलं.

*

पुढं संतोष विद्यापीठात गेला. सुट्टीत भेटायला आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला घेरलं. लायब्ररी केवढी, लॅब कसल्या, हे तो भरभरून सांगत होता. मग म्हणाला, "पण तिथं सरांना माझं नाव म्हाईत न्हाई."

आमचे लॅबमधले पवारमामा म्हणाले, "मग बरंय की! घरी फोन तर जात न्हाई!"

सगळे हसले. संतोष हसला, पण सर्वांत उशिरा.

*

आणि ही शीतलची गोष्ट.

आमच्याकडं एमएस्सी नुकतीच सुरू झाली होती. भालेराव सरांनी त्यासाठी कितीतरी वर्षं खेटे घातले होते. त्या साली मुलं इतकी कमी, की एक जरी गळालं असतं तरी वर्ग बंद पडला असता. हे शीतलला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिला विद्यापीठातही जागा मिळाली होती.

तिचे आई-वडील तिला घेऊन आले. आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते, तिनं त्या दिवशी सुट्टी काढली होती. वडील म्हणाले, "आमाला यातलं कळत न्हाई, सर. जवळ ऱ्हायली तर बरं वाटंल. पण तुमी म्हणाल तसं."

मी सरांकडं बघत होते. पवारमामाही दारात थांबले होते.

सरांनी शीतललाच विचारलं, "तुला नक्की काय शिकायचंय?"

"सर, अतिथंड तापमानाला पदार्थ कसे वागतात, ते."

सरांनी कोपऱ्यातल्या एमएस्सीच्या खोलीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "अगं, आमच्या लॅबचा फ्रीजसुद्धा धड गार होत नाही. पुण्याला जा."

वडिलांनी हात जोडले. आईनं डोळे पुसले. शीतल गेली.

दिवाळीच्या सुट्टीत ती पेढे घेऊन आली. डिपार्टमेंटभर फिरली, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप बघून थबकली.

"सर, एमएस्सीचा वर्ग कुठंय?"

सरांनी पेढा तोंडात टाकला.

"पुण्याला गेला."