ब्राझीलची सम

आमचे हे पुण्यात दोन वर्षं तबला शिकले होते आणि तेवढ्या भांडवलावर दुबईत संगीतातले जाणकार ठरले होते. जबल अलीच्या त्यांच्या ऑफिसातल्या ब्राझिलियन साहेबानं एका शुक्रवारी आम्हा दोघांना मैफलीला नेलं. त्याच्याच देशातल्या एका हयात संगीतकारानं पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी केलेली नवी रचना होती.

हे पहिल्या सुरापासून मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसले. पाच धरल्या की सात व्हायच्या, सात धरल्या की पियानो मध्येच गप्प. "सम कुठे ठेवलीय यानं?" माझ्या कानाशी पुटपुटले. शेवटी पियानो आणि अख्खा ऑर्केस्ट्रा एकाच ठोक्यावर थांबले, आणि हे "क्या बात है" म्हणत टाळ्या वाजवायला लागले. साहेबानंही वाजवल्या. मग आमच्या सगळ्या रांगेनं. पियानो वाजवणारी बाई हात मांडीवर ठेवून शांतपणे आमच्याकडे बघत होती. रचनेचे अजून दोन भाग वाजायचे बाकी होते.

परतताना गाडीत हे खाली मान घालून बसले होते. साहेबच ओशाळून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, म्हणून मला वाटलं संपलं."

हे ताबडतोब सावरून बसले आणि घर येईपर्यंत त्याला ब्राझीलचं संगीत समजावून सांगत राहिले.